करार होते म्हणून महायुद्ध पेटलं? खुलासा

गंगापूर रोडवरच्या आमच्या अभ्यासिकेत फळ्यावर कायम एक आकृती असते: साराजेव्होत गोळी (जून 1914 मध्ये ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या, जिचा ठपका ऑस्ट्रियाने सर्बियावर ठेवला), मग बाण, बाण, बाण, आणि शेवटी पहिलं महायुद्ध. स्पर्धा परीक्षेची पोरं ती तशीच वहीत उतरवतात. मतलब असा की करारांनी सगळ्यांना आपोआप ओढलं.

तो बाण इटलीपाशीच मोडतो. इटली 1882 पासून जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीच्या त्रिराष्ट्र करारात होती. पण करार बचावासाठी, आणि सर्बियावर हल्ला ऑस्ट्रियाने केलेला, तोही इटलीला न विचारता. ऑगस्ट 1914 मध्ये इटलीने हात वर केले. मे 1915 मध्ये तर ऑस्ट्रियाविरुद्धच उतरली! रुमानियाचाही ऑस्ट्रियाशी गुप्त करार होता. तीही 1914 मध्ये तटस्थ.

उलट, रशियाचा सर्बियाशी संरक्षणाचा करारच नव्हता, तरी रशियाने सैन्य जमवलं. ब्रिटन-फ्रान्सच्या 1904 च्या समझोत्यात लढण्याची अट नव्हती. ब्रिटन 4 ऑगस्टला उतरलं ते जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसल्यावर. त्या देशाच्या तटस्थतेची हमी ब्रिटनसह मोठ्या देशांनी 1839 मध्ये दिलेली.

मग घडलं काय? 5 जुलैला जर्मनीने ऑस्ट्रियाला ‘आम्ही पाठीशी आहोत’ असं सांगितलं. 23 जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाला जाचक अटींचा 48 तासांचा निर्वाणीचा खलिता दिला. प्रत्येक पायरीवर कुणीतरी माणूस निर्णय घेत होता. करारांमुळे धीर चढला, हे खरं. पण फळ्यावरचे ते बाण कुणीतरी पुसा आता.