मुक्तविश्व भूमिकाखेळांतील भ्रमंती

मोठ्या, सलग आणि बहुतांशी सुरुवातीपासून खुल्या असलेल्या कल्पित प्रदेशात एका पात्राची भूमिका घेऊन, ठरावीक क्रमाचे बंधन न पाळता खेळाडूने केलेला संचार व त्यातून त्याला लागणारे ठिकाणांचे, वस्तूंचे आणि कथांचे शोध. ‘ओपन वर्ल्ड आरपीजी’ या नावाने परिचित असलेल्या व्हिडिओ गेमचे हे मुख्य आकर्षण मानले जाते. लढाई, पात्राची लेव्हल (बळाची पायरी) वाढवणे, संवादांतून निवड करणे ही अंगे बंदिस्त रचनेच्या भूमिकाखेळांतही असतात. वाट सोडून जाण्याची मुभा आणि वाट सोडल्याचे काहीतरी फळ, हे या प्रकाराचे वेगळेपण होय. वर्गवारीच्या सीमा मात्र पक्क्या नाहीत. निन्टेंडोच्या द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड (2017) या गेममध्ये लेव्हल पद्धत नसल्याने अनेक जण तिला भूमिकाखेळ मानत नाहीत. भ्रमंतीच्या विवेचनात ती टाळता येत नाही, म्हणून येथे घेतली आहे.

उगम : या भ्रमंतीचे मूळ कोठे शोधावे, याबद्दल दोन मते आढळतात. पहिल्या मताप्रमाणे ते टेबलावर खेळल्या जाणाऱ्या खेळांत आहे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्स (1974) या खेळाच्या मूळ संचातील तिसऱ्या पुस्तिकेत तळघरांबाहेरच्या रानोमाळ संचाराचे नियम होते. त्यासाठी ॲव्हलॉन हिल कंपनीच्या आउटडोअर सर्व्हायव्हल (1972) या अगदी निराळ्या खेळाचा षट्कोनी घरांचा पट वापरावा, अशी सूचनाही होती. खेळाडूंनी पुढच्या घरात पाऊल टाकायचे आणि तिथे काय भेटले ते खेळ चालवणाऱ्याने फासे टाकून सांगायचे, अशी ही रीत होती. प्रदेश आधीपासून आहे, पण तो चालल्याशिवाय कळत नाही, ही कल्पना येथे स्पष्ट दिसते.

दुसरे मत केंटकीतील मॅमथ गुहेकडे जाते. संगणकतज्ज्ञ विल क्राउदर आणि त्यांच्या तत्कालीन पत्नी पॅट्रिशिया हे दोघे या गुहासमूहाचे सर्वेक्षण करणाऱ्यांपैकी होते. फ्लिंट रिज व मॅमथ या गुहा आतून जोडलेल्या असल्याचे 1972 मध्ये सिद्ध करणाऱ्या मोहिमेत पॅट्रिशिया होत्या. घटस्फोटानंतर क्राउदर यांनी आपल्या मुलींसाठी केवळ मजकुरावर चालणारा गुहेचा खेळ लिहिला. त्याचा काळ सामान्यतः 1975–76 असा धरतात. 1977 मध्ये डॉन वुड्स यांनी त्यात बरीच भर घातली आणि तीच आवृत्ती सर्वत्र पसरली. त्यामुळे मूळ खेळात खरी गुहा किती व कल्पित किती, हा प्रश्न पुष्कळ काळ अनिर्णित राहिला होता. क्राउदर यांचा मूळ प्रोग्रॅम स्टॅनफर्ड येथील जुन्या साठ्यातून हाती आल्यावर डेनिस जर्झ यांनी तो प्रत्यक्ष गुहेशी ताडून पाहिला (2007). वर्णने गुहेच्या रचनेशी बरीच जुळतात आणि जादूचे काही घटक क्राउदर यांच्या आवृत्तीतही होते, असे त्यातून दिसले. क्राउदर स्वतः डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळत असत, त्यामुळे दोन्ही मते वाटतात तितकी परस्परविरोधी नाहीत. तरीही पात्र आणि प्रदेश यांची सांगड पहिल्या परंपरेने घातली, तर स्वतः कागदावर नकाशा काढत पुढे जाण्याची सवय दुसरीने रुजवली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते.

रिचर्ड गॅरियट यांच्या अल्टिमा (1981) मध्ये ही सांगड पडद्यावर आली. दुसऱ्या भागापासून त्या मालिकेच्या खोक्यात कापडी नकाशा मिळू लागला. जपानमध्ये अल्टिमा व विझार्ड्री या अमेरिकी भूमिकाखेळांचा प्रभाव युजी होरी यांच्या ड्रॅगन क्वेस्ट (1986) वर पडला. त्याच वर्षी आलेल्या द लेजंड ऑफ झेल्डाची उघड्यावरची भूमी 128 पडद्यांची होती. झुडूप जाळले किंवा कडा फोडला तर आत गुहा सापडे, आणि कोणते झुडूप जाळावे याची खूण बहुधा नसे. झेल्डाचे निर्माते शिगेरु मियामोतो यांनी या कल्पनेचा संबंध क्योतोजवळच्या सोनोबे गावातील आपल्या बालपणीच्या रानभटकंतीशी जोडला आहे. ही आठवण खरी असली, तरी समकालीन जपानी संगणक-खेळांचे, विशेषतः हायडलाइड (1984) चे ऋण तिच्यामुळे झाकले जाते.

कुतूहलाची मीमांसा : ‘जग मोठे, म्हणून भटकंती रंजक’ हे जाहिरातींचे गृहीतक अनुभवाला उतरत नाही. बेथेस्डा कंपनीच्या डॅगरफॉल (1996) चा प्रदेश एका गणनेप्रमाणे सुमारे 1,61,600 चौ. किमी. आहे, दुसरीप्रमाणे 2 लाखांहून अधिक. त्यात 15 हजारांहून जास्त ठिकाणे आहेत. बहुतेक ठिकाणे प्रोग्रॅमने साच्यातून काढलेली असल्याने एक गाव पाहिले की शेजारची कित्येक पाहिल्यासारखी होतात. त्याच मालिकेतला त्यापुढचा मॉरोविंड (2002) व्हार्डनफेल या एकाच बेटावर घडतो. हे बेट डॅगरफॉलच्या तुलनेत नगण्य असले, तरी त्यातील वस्तू बहुतांशी हाताने मांडलेल्या आहेत. भ्रमंतीच्या चर्चेत आजही उदाहरण दिले जाते ते मॉरोविंडचे.

यामागचे कारण मानसशास्त्राच्या अंगाने सांगण्याचा प्रयत्न झाला आहे. जॉर्ज लोवेन्स्टाइन (1994) यांच्या मते आपल्याला ठाऊक असलेले आणि ठाऊक व्हावेसे वाटणारे यांतील अंतर जाणवले की कुतूहल जागे होते. काहीच ठाऊक नसेल तर ते जागे होत नाही. रेचेल व स्टीव्हन कॅपलन यांनी खऱ्या निसर्गदृश्यांच्या पसंतीविषयी मांडलेला विचार येथे अधिक उपयोगी पडतो. दृश्य वाचता आले पाहिजे, म्हणजे आपण हरवणार नाही असा विश्वास वाटला पाहिजे; आणि त्यात गूढही हवे, म्हणजे पुढे गेल्यास आणखी कळेल असे त्याने सुचवले पाहिजे. वळणामागे दिसेनाशी होणारी वाट हे त्याचे नेहमीचे उदाहरण. गेमच्या रचनाकारांची बरीच कारागिरी या दोन गोष्टींचा तोल राखण्यात जाते, मग त्यांनी कॅपलन वाचलेले असोत वा नसोत.

भूरचना : ब्रेथ ऑफ द वाइल्डच्या प्रारंभी नायक गुहेतून कड्याच्या टोकावर येतो आणि सारा मुलूख समोर पसरलेला दिसतो, पण पठारावरून खाली उतरण्याचे साधन हाती येईपर्यंत तो तिथेच अडकलेला असतो. दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी मूळचे क्योतोचे. त्यांनी त्या शहराचा नकाशा खेळाच्या भूमीवर ठेवून अंतरांचा अंदाज घेतला होता. 2017 मध्ये जपानमधील सीईडेक या गेम-रचनाकारांच्या परिषदेत या चमूने आपले त्रिकोणाचे तत्त्व मांडले. टेकडीचा आकार त्रिकोणी ठेवला, की खेळाडूपुढे चढून जायचे की वळसा घालायचे हा प्रश्न उभा राहतो, आणि मागची वस्तू टप्प्याटप्प्याने उघड होत जाते. मोठे त्रिकोण दुरून दिशा दाखवतात, मध्यम आकाराचे दृष्टी अडवतात, लहानांनी चालण्याची लय बदलते. या भूमीवर 120 देवळीवजा कोडेघरे आणि 900 कोरोक बिया आहेत. दगडांच्या वर्तुळात एक दगड कमी दिसतो. तो शेजारून उचलून आणून ठेवला की पानाचा मुखवटा घातलेला बुटका वनदेव प्रकट होऊन बी देतो. सामानाच्या सर्व जागा वाढवायला 441 बिया पुरतात. सगळ्या 900 गोळा करणाऱ्याला मिळते ती विष्ठेच्या आकाराची एक सोनेरी वस्तू! मोजदादीसाठी भटकणाऱ्यांना निर्मात्यांनी काढलेला हा चिमटा समजावा.

धोका हीच हद्द : अदृश्य भिंतीऐवजी संकटाने वाट अडवणे हे दुसरे तंत्र. ऑब्सिडियनच्या फॉलआउट : न्यू व्हेगास (2010) मध्ये गुडस्प्रिंग्ज गावातून व्हेगास शहर उत्तरेला, फार दूर नाही, परंतु तिकडच्या थेट वाटांवर डेथक्लॉ व कॅझाडोर हे प्राणी नवख्याला क्षणात संपवतात. म्हणून बहुतेक जण दक्षिणेकडून प्रिम, निप्टन, नोव्हॅक असा लांबचा फेरा घेतात आणि कथा त्याच फेऱ्यावर पेरलेली आहे. जपून, लपतछपत उत्तरेने जाणाऱ्याला मात्र कोणी अडवत नाही. याउलट मॉरोविंडच्या पुढच्या ऑब्लिव्हियन (2006) या गेममध्ये शत्रूंचे बळ खेळाडूच्या लेव्हलबरोबर वाढत असे, इतके की पुढे वाटमारेदेखील दुर्मिळ काचेची चिलखते घालून फिरू लागले. कोठेही गेले तरी धोका सारखाच, त्यामुळे ‘तिकडे इतक्यात जाऊ नये’ असे ठिकाणच उरले नाही. या योजनेवर त्या काळी सर्वाधिक टीका झाली, आणि ती रास्त होती.

दिशादर्शन : मॉरोविंडमध्ये लक्ष्य दाखवणारी खूण नव्हती. अमुक पुलावरून नदी ओलांडा, मग काठाने उत्तरेला, पुढे डावीकडची खिंड, अशा धाटणीच्या सूचना पात्रे देत, त्या रोजनिशीत उतरत, आणि कधीकधी त्या चुकीच्याही असत. दूरच्या प्रवासाला सिल्ट स्ट्रायडर नावाचे अवाढव्य किडे होते, ते एस.टी.सारखे ठरल्या थांब्यांदरम्यानच नेत. ऑब्लिव्हियनने होकायंत्रावर लक्ष्याचा बाण आणि शहरांसाठी पहिल्यापासून फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरून क्षणात तिथे पोहोचण्याची सोय) दिले. खेळणे सोपे झाले, पण बाणाकडे पाहत चालणाऱ्याला रस्ता दिसेनासा होतो, ही तक्रार तेव्हापासून चालत आली आहे.

मॉरोविंडमधील एक प्रसंग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. सीडा नीन या पहिल्या गावाबाहेरच्या रस्त्यावर किंकाळी ऐकू येते आणि आकाशातून एक जादूगार धाडकन पडून मरतो. त्याच्या अंगावर रोजनिशी आणि उड्डाणमंत्राच्या तीन गुंडाळ्या सापडतात. गुंडाळी वाचली की उडी मारण्याचे कौशल्य काही सेकंदांपुरते अफाट वाढते. एका झेपेत खेळाडू डोंगर ओलांडतो आणि मंत्राचा अंमल उतरल्यावर खाली येताना त्या जादूगारासारखाच मरतो. जमिनीला टेकण्याआधी दुसरी गुंडाळी वाचली तरच जीव वाचतो. यात कोणी काही समजावून सांगत नाही, पूर्ण केल्याची नोंदही होत नाही. वस्तू, प्रेत आणि प्रयोग एवढ्यावरच सारे उलगडते.

हिदेताका मियाझाकी यांच्या एल्डन रिंग (2022) ने हीच राखून ठेवण्याची वृत्ती नकाशातही आणली. नकाशाची कड पुढे गेल्यावर सरकते, त्यामुळे प्रदेश एकूण केवढा हे आधी कळत नाही. आरंभीच्या लिमग्रेव्हमधील तळ्याकाठच्या जळक्या अवशेषांत तळघरातली एक पेटी उघडली की धुराने वेढून खेळाडू भलत्याच खाणीत जाऊन पडतो. तिथून लगेच परतता येत नाही. धडपडत बाहेर यावे तर लाल आभाळाखालचा सडका केलिड प्रांत समोर असतो. असा सापळा अन्यायकारक आहे, असे म्हणणारेही आहेत. पण पुढची प्रत्येक पेटी त्यानंतर हात आखडता घेऊन उघडली जाते, हा त्याचा परिणाम नाकारता येत नाही.

तंत्र : खेळाडूच्या भोवतालचे तुकडे डिस्कवरून आणत राहणे आणि मागचे सोडून देणे, या पद्धतीवर सलग जगाचा भास उभा असतो. दूरचा डोंगर कमी बाजूंच्या ढोबळ आकृतीने दाखवतात व जवळ जाता जाता तिची जागा तपशीलवार आकृती घेते. मॉरोविंडच्या काळी हे फारसे शक्य नसल्याने ठरावीक अंतरापलीकडे धुके सोडत. पुढे चाहत्यांनी मॉड करून, म्हणजे गेममध्ये स्वतः फेरफार करून, ते हटवले तेव्हा बेट किती लहान आहे हे उघडे पडले. एवढे दिवस धुक्यानेच त्याला विस्तार दिला होता. दूरवर दिसणारी प्रत्येक गोष्ट जाण्याजोगी असावी, ही अपेक्षा नंतरच्या यंत्रांनी निर्माण केली.

आक्षेप : मनोऱ्यावर चढून परिसरातील ठिकाणांची चिन्हे नकाशावर उमटवण्याची प्रथा ॲसेसिन्स क्रीड (2007) नंतर सर्वत्र पसरली. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडच्या द विचर 3 (2015) ची लेखनाबद्दल वाखाणणी होते. पण स्केलिगे बेटांभोवतीच्या समुद्रात विखुरलेली प्रश्नचिन्हे, म्हणजे बहुतांशी तस्करांच्या बुडालेल्या पेट्या, हा त्यातला कंटाळवाणा भाग ठरला. जे आधीच दाखवले ते शोधायचे काय, असा हा आक्षेप. त्यावर वेळ कमी असलेल्या खेळाडूला चिन्हांचा आधार लागतो, असे उत्तर दिले जाते. रिचर्ड बार्टल यांनी 1996 मध्ये मजकुरी बहुखेळाडू जगांतील खेळाडूंचे चार गट पाडले आणि त्यांना पत्त्यांचे रंग दिले. खणत राहणारे शोधक इस्पिक, तर गुण व संपत्ती जमवणारे चौकट. ही विभागणी एकट्याने खेळायच्या गेमला जशीच्या तशी लागू पडत नाही, पण चिन्हांवरचा वाद चौकट व इस्पिक यांच्यातला आहे असे समजल्यास तो सुटसुटीत होतो.

भारतीय संदर्भ : भारतीय भूमीवरचा या तोडीचा मुक्तविश्व भूमिकाखेळ प्रसिद्ध नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी : ॲन एन्शंट एपिक (2020) पुराणकथांवर आधारलेला असला, तरी त्याची वाट आखीव आहे. नॉटी डॉगच्या अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी (2017) मध्ये पश्चिम घाटावर एक विस्तृत प्रकरण आहे. ते साहसखेळाचे, परंतु त्यात मनोऱ्यावरून मुलूख पाहून, जीप घेऊन, होयसळ अवशेषांतील तीन ठाणी हव्या त्या क्रमाने गाठता येतात. वाटेत आडबाजूला दडवलेल्या 11 होयसळ मुद्रा गोळा केल्यास एक कंकण मिळते, आणि जवळपास खजिना असला की ते सूचना देते.