स्टेअरलिफ्ट : सुरक्षित वापर आणि देखभाल

स्टेअरलिफ्ट म्हणजे जिन्याच्या कडेने बसवलेल्या रुळावरून माणसाला बसल्याबसल्या वर-खाली नेणारी मोटारीवरची खुर्ची. रूळ भिंतीला ठोकलेला असतो असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तो सहसा पायऱ्यांनाच स्क्रूने घट्ट केलेला असतो, त्यामुळे भिंत किती मजबूत आहे याचा फारसा प्रश्नच येत नाही. जिना सरळ असेल तर तयार रूळ हव्या त्या लांबीला कापून बसवतात, वळणाचा असेल तर त्या जिन्याचं माप घेऊन मुद्दाम वाकवून बनवावा लागतो, आणि म्हणून तो दुसऱ्या घरात नेऊन बसवता येत नाही. असं यंत्र १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात सी. सी. क्रिस्पेन यांनी बनवलं आणि विकायला आणलं.

आतली रचना समजली की पुढचे नियम आपोआप पटतात. रुळाला दाते असतात, खुर्चीखालच्या डब्यात मोटार आणि दातेरी चाक, ते चाक दात्यांत अडकून फिरतं आणि खुर्ची सरकते. मोटार चालते बॅटरीवर, बहुतेक मॉडेलमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट. घरातली वीज फक्त चार्जरला लागते, म्हणजे लाइट गेली तरी खुर्ची मधेच अडकत नाही, बॅटरी चांगली असेल तर आणखी काही फेऱ्या आरामात होतात. मोटारीचा करंट तुटला की ब्रेक आपोआप लागतो, आणि त्याशिवाय वेग वाढलाच तर खुर्ची जागेवर पकडून ठेवणारी वेगळी यंत्रणा असते. युरोपातल्या ईएन ८१-४० या मानकात वेगाची मर्यादा सेकंदाला ०.१५ मीटर आहे, तेव्हा साधा जिना चढायला अर्धा मिनिट किंवा जास्तच लागतो. हे हळू जाणं मुद्दाम आहे, घाई करून काही उपयोग नाही.

वापरताना पाठ टेकून बसायचं, पट्टा लावायचा, दोन्ही पाय फुटरेस्टवर पूर्ण ठेवायचे, गुडघे आत, लांब गाऊन किंवा शालीचं टोक मांडीवर गोळा करून घ्यायचं. मग खुर्चीच्या हातावरचं बटण किंवा छोटी दांडी दाबून धरायची. सोडली की खुर्ची थांबते, तिची रचनाच तशी आहे, त्यामुळे बटण चिकटपट्टीने दाबून ठेवण्यासारखी ‘युक्ती’ कधीही करू नये. खुर्ची एकाच माणसासाठी असते, मांडीवर नातवंड घेऊन जायचं नाही, उभं राहायचं नाही, जड सामान न्यायचं नाही. वजनाची मर्यादा खुर्चीवरच्या पट्टीवर लिहिलेली असते, पुष्कळ मॉडेलमध्ये ती १२० ते १४० किलोच्या आसपास असते, पण आपल्या पट्टीवरचा आकडाच खरा धरायचा.

खरा धोका प्रवासात कमी आणि वरच्या टोकाला उतरताना जास्त, आणि याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. वर पोचल्यावर समोर रिकामा जिना असतो. म्हणून सीट पूर्ण थांबल्यावर आधी ती वरच्या मजल्याच्या फरशीच्या बाजूला वळवायची, खट् आवाज येऊन लॉक झाली याची खात्री करायची, मगच पट्टा सोडायचा आणि पाय सपाट फरशीवर टेकवून उठायचं. सीट वळवायला जड जाते म्हणून तशीच कडेने उतरायची सवय लागते आणि ती फार वाईट, त्यापेक्षा मोटारीने वळणारी सीट बसवून घेतलेली बरी. ज्यांना बसून तोल सांभाळता येत नाही किंवा सूचना लक्षात राहत नाहीत त्यांच्यासोबत कोणीतरी असावं, आणि घरात लहान मुलं असतील तर वापर झाल्यावर किल्ली काढून ठेवावी.

फुटरेस्टच्या आणि खालच्या डब्याच्या कडांना सेन्सर असतात. पायरीवर विसरलेला बूट, खेळणं, झोपलेलं मांजर, कशालाही कड टेकली की खुर्ची थांबते. अशा वेळी त्याच दिशेने पुन्हा पुन्हा बटण दाबायचं नाही, थोडं उलट दिशेला न्यायचं, अडथळा काढायचा आणि मग निघायचं. ‘खुर्ची बंद पडली’ अशा तक्रारीत बरेचदा इतकंच असतं, किंवा खुर्चीचा हात खाली केलेला नसतो, सीट अर्धवट वळलेली असते, किल्ली बंद असते. मेकॅनिकला बोलावण्याआधी हे चार तपासावेत.

देखभालीत पहिला नंबर चार्जिंगचा. चार्जिंगचे पॉइंट सहसा रुळाच्या दोन्ही टोकांना असतात, वाटेत मधे सोडलेली खुर्ची चार्ज होत नाही आणि पुष्कळ मॉडेल तेव्हा बीप बीप करत राहतात, तो आवाज बंद करायचा उपाय म्हणजे खुर्ची टोकाला नेऊन ठेवणं. चार्जरचा स्विच रात्री बंद करू नये, सुट्टीला जातानाही नाही, कारण पूर्ण उतरलेली बॅटरी बरेचदा परत नीट धरत नाही. साधारण तीन ते पाच वर्षांनी बॅटऱ्या बदलाव्या लागतात, दोन्ही एकदमच, एक जुनी एक नवी नको. चढताना वेग मंदावला तर बॅटऱ्या थकायला सुरुवात झाली असं समजावं.

रूळ कोरड्या मऊ कापडाने पुसायचा, केस आणि धूळ दात्यांत साचू द्यायची नाही. स्वतःच्या मनाने तेल किंवा गंज काढायचा स्प्रे मारू नये, त्यावर धूळ चिकटून लगदा होतो, ग्रीस कोणतं आणि किती ते सर्व्हिसवाल्याने ठरवावं. सीट ओलसर फडक्याने चालेल, पाणी ओतून नाही. महिन्यातून एकदा घरच्याच कोणीतरी रिकामी खुर्ची चालवून फुटरेस्टची कड हाताने हलकेच दाबून ती थांबते का बघावं, पट्ट्याचं बक्कल आणि सीटचं लॉकही बघावं. वर्षातून एकदा तरी, जास्त वापर असेल तर सहा महिन्यांनी, प्रशिक्षित माणसाकडून सर्व्हिस, त्यात ब्रेक, वेग पकडणारी यंत्रणा, टोकाचे स्विच आणि पायऱ्यांमधले स्क्रू तपासले जातात. डब्याचं झाकण घरी उघडायचं नाही.

मधेच अडकलं तर बसलेल्या माणसाने खुर्चीवरून उडी मारून उतरायचा प्रयत्न करू नये, हाक मारावी, म्हणून फोन नेहमी खिशात. काही मॉडेलमध्ये हाताने फिरवून खाली आणायचं हँडल असतं, ते कुठे ठेवलंय आणि कसं लावायचं हे घरातल्या किमान दोघांना माहीत असायला हवं.