गंगेतला पोहणारा आणि लंडनमधले चार गोल

विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला वॉटर पोलो निम्मा तरी आधीच येत असतो. पाठीला वाळका भोपळा नाहीतर तेलाचा रिकामा कॅन बांधून काका काठावरून ढकलून देतो. चार दिवसांनी कॅन सुटतो आणि पोरगं उभ्यानं पोहायला लागतं. छातीपर्यंत अंग वर, खाली पाय सारखे चालू. या खेळात नेमकं हेच लागतं. एका बाजूचे सात जण पाण्यात, तळाला पाय टेकवायचा नाही, आणि गोलकीपर सोडून कुणी चेंडूला दोन्ही हात लावायचे नाहीत.

भारतात हा खेळ रुजला तो कलकत्त्यात. हेदुआ, कॉलेज स्क्वेअर असे भरवस्तीतले तलाव हीच तिथल्या पोरांची मैदानं. जलतरणपटू सचिन नाग याच कलकत्त्यात घडले, पण जन्म १९२० चा, बनारसचा. १९३० मध्ये कायदेभंगाच्या दिवसांत घाटावरच्या गर्दीवर लाठ्या चालल्या, तेव्हा दहा वर्षांच्या सचिननं गंगेत उडी घेतली. नदीत त्या वेळी दहा किलोमीटरची शर्यत चालू होती. तिच्यात मिसळून पोरगा तिसरा आला, असं सांगतात. गोष्टीला थोडी फोडणी बसली असेलही. पुढं प्रशिक्षक जामिनी दास यांनी त्यांना कलकत्त्याला नेलं. १९४७ मध्ये तिथल्या अशांत दिवसांत पायात गोळी शिरली, तरी वर्षभरात ते लंडन ऑलिंपिकला पोचले.

तिथं भारतानं चिलीला ७-४ असं हरवलं. सातातले चार गोल नागांचे. मराठवाडा तेव्हा निजामाकडं होता आणि गावोगाव रझाकारांची दहशत होती. ऑलिंपिक संपलं १४ ऑगस्टला, हैदराबाद संस्थान मुक्त झालं १७ सप्टेंबरला. त्या धामधुमीत इकडं कुणी या चार गोलांची बातमी वाचली असेल, असं वाटत नाही.

१९५१ मध्ये दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले. नागांनी १०० मीटर फ्रीस्टाइल १ मिनिट ४.७ सेकंदांत जिंकली. आशियाई खेळांतलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. वॉटर पोलोचं सुवर्णही त्याच वर्षी आपल्याकडं आलं. १९५२ च्या हेलसिंकीनंतर मात्र भारताचा संघ ऑलिंपिकच्या पाण्यात उतरलेला नाही. आशियाई खेळांत १९७० ला रौप्य, १९८२ ला कांस्य, बस्स. नाग १९८७ मध्ये गेले आणि ध्यानचंद पुरस्कार मिळाला २०२० मध्ये. तेहतीस वर्षं!

मराठवाड्यात हा खेळ का आला नाही, याचा हिशेब कागदावर मांडता येतो. पुरुषांचं मैदान पूर्वापार ३० मीटर लांब, २० मीटर रुंद असायचं. खोली १.८ मीटर धरली तरी १० लाख ८० हजार लीटर पाणी लागतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्या दहा वाघिणींत मिळून पाच लाख लीटर होतं. म्हणजे तशा दोन गाड्या रिकाम्या करूनही हा तलाव काठोकाठ भरत नाही.

उरल्या विहिरी. पोहायला शिकायचं ते उन्हाळ्याच्या सुट्टीत, आणि विहिरीचा तळ दिसतो तोही नेमका त्याच दिवसांत.