कॉलेजच्या संगीत मंडळाचं वर्ष कुणी आखलं? : पार्श्वभूमी

पुण्यात गाणं शिकवायचं काम कॉलेजांनी सहसा अंगावर घेतलं नाही, कारण ते आधीच पेठांमध्ये सुरू झालं होतं. पूना गायन समाज १८७४ चा, म्हणजे फर्ग्युसन कॉलेजपेक्षा अकरा वर्षांनी थोरला. भास्करबुवा बखल्यांनी १९११ मध्ये भारत गायन समाज काढला, अब्दुल करीम खाँसाहेबांचं आर्य संगीत विद्यालयही त्याच सुमाराचं. विनायकराव पटवर्धनांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केलं ते १९३२ मध्ये. विद्यापीठ आलं १९४९ ला आणि त्याचं ललित कला केंद्र उभं राहायला १९८७ उजाडलं. मधल्या काळात कॉलेजात शिकणारा आणि गाणाराही विद्यार्थी संध्याकाळी सायकल काढून क्लासलाच जायचा. कॉलेजच्या संगीत मंडळाकडे उरलं ते बाकीचं सगळं: एकत्र गाणं, ऐकणं, कार्यक्रम उभा करणं. मंडळाची वर्षाची आखणी आजही अशी तुटक दिसते ती यामुळेच. तिच्या तारखा बाहेरचे लोक ठरवतात.

पहिली तारीख परीक्षेची. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गुरूच्या मर्जीवर चाललेल्या शिक्षणाला इयत्ता, क्रमिक पुस्तकं आणि स्वरलिपी दिली. १९३१ मध्ये गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झालं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही त्याच्या परीक्षांची शिडी पुण्यात घराघरांत ठाऊक आहे. परीक्षा वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि दिवाळीनंतर. सेमिस्टरच्या परीक्षाही नेमक्या त्याच सुमारास येतात. त्यामुळे मंडळाला खऱ्या अर्थाने हाताशी लागतात दोन तुकडे: जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर आणि जानेवारी-फेब्रुवारी. पहिल्या तुकड्यातले गणपतीआधीचे महिना-दीड महिना ढोल-ताशा पथकं खाऊन टाकतात. नदीकाठी दोन तास ढोल वाजवून आलेल्या मुलाला त्याच संध्याकाळी तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा सा, लावायला सांगू नये, कान थोडा वेळ बधिरच असतो. अशा काळात तालीम सकाळी ठेवावी.

शिडीचा दुसरा परिणाम जास्त खोल आहे. मध्यमा झालेली मुलं रागाचे वादी-संवादी (मुख्य आणि त्याखालोखालचा स्वर) घडाघडा सांगतात, पण तंबोरा लावता येणारी थोडीच. क्लासला इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी असते, आता तर फोनवरचं ॲप. म्हणून ज्या मंडळांचं काम मुरलेलं आहे ती जुलैतले पहिले दोन-तीन शनिवार तंबोऱ्यावरच घालवतात. आधी मधल्या जोडाच्या दोन तारा षड्जात (सा), मग खर्ज, शेवटी पंचम (प). खुंटी फिरवताना ती आत दाबत राहायचं, नाहीतर हात काढला की सुटते. मोठा फरक खुंटीने, बारीक फरक मण्याने. सगळं लागल्यावर घोडीवरचा जवारीचा, म्हणजे तारेचा गुंजता नाद खुलवणारा, दोरा केसभर सरकवत तार खुलेपर्यंत थांबायचं. नवशिका हे उलटं करतो: स्वर लागायच्या आधी दोऱ्याशी खेळत बसतो, मग खुंटी हलली की जवारी पुन्हा बसते. पावसाळ्यात दमट हवेने लाकूड आणि तबल्याची पुडी दोन्ही रुसतात, त्यामुळे लावण्याला पंधरा मिनिटं धरली असतील तर तीस धरा.

वह्यांचा गोंधळही इतिहासातूनच आलेला. पलुसकर आणि विष्णु नारायण भातखंडे यांच्या दोन स्वरलिप्या पुण्यात शेजारी शेजारी नांदल्या, आणि त्यांच्या खुणा एकमेकींवर उठल्यासारख्या आहेत. स्वराच्या डोक्यावरचा टिंब भातखंडे लिपीत तार सप्तक सांगतो, पलुसकर लिपीत मंद्र. भातखंड्यांकडे समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) गुणिले आणि खालीला (टाळी न देता हात सोडायच्या मात्रेला) शून्य, तर पलुसकरांकडे समेला एक आणि खालीला अधिकची खूण. हाताने घाईत लिहिलेलं गुणिले आणि अधिक यांत फरक तो किती! दोन क्लासची मुलं एका समूहगीतात आली आणि व्हॉट्सॲपवर कुणाच्या तरी वहीचा फोटो फिरला, की अर्धे जण खालीला सम समजून मुखडा उचलतात. उपाय साधा आहे: कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिपीचं नाव आणि खाली तालाचे बोल मात्रांसकट. बोल लिहिलेले असले की खुणेवाचून भागतं.

समूहगीताला एवढं महत्त्व कसं आलं, याचं उत्तर दिल्लीत आहे. १९५४ मध्ये तालकटोरा बागेत पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सव झाला, पुढे ही परंपरा भारतीय विद्यापीठ संघाच्या महोत्सवांत गेली. तिथल्या समूहगीताचा साचा ठरलेला: सहा गायक, तीन साथीदार, दहा मिनिटं, सिनेगीत नाही. तीस जणांचं मंडळ वर्षभर सहा जणांसाठी राबतं ते यामुळे, आणि उरलेल्या चोवीस जणांची गळती सप्टेंबरात सुरू होते. आमच्या मते मंडळांचं सर्वांत मोठं नुकसान या साच्याने केलं आहे.

सहा जणांत मुलं-मुली असल्या की पट्टीचा, म्हणजे कुणाचा सा कुठे, हा प्रश्न येतो. मुलगे हार्मोनियमच्या काळी एकमध्ये, मुली काळी चारमध्ये. काळी चार हा काळी एकचा पंचम, म्हणून काळी चारचा एकच तबला एकल गायनात दोघांनाही चालवून घेता येतो, मुलाच्या वेळी तो पंचमात वाजतो. मात्र मुलाने मालकंस किंवा मारवा घेतला तर पंचम वर्ज्य असल्याने तोच तबला कानाला बोचतो. तेव्हा काळी एकचा, मोठ्या तोंडाचा तबला आधीच मागवून ठेवावा. स्टेज लावायला मिळणाऱ्या मिनिटांत हातोडीने एवढी पट्टी उतरत नाही, उतरवली तर टिकत नाही.

ऐकण्याची बाजू मात्र पुण्याने स्वतः घडवली. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासूनचा, रमणबागेत रात्र रात्र चालायचा. ध्वनिक्षेपकावर रात्री दहानंतर बंदी आली आणि उत्तररात्रीचे राग संध्याकाळच्या सत्रांत ओढले गेले किंवा सुटले. कॉलेजला हा नियम आणखी जवळून लागतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शिक्षणसंस्थेभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरू शकतो आणि तिथली दिवसाची मर्यादा ५० डेसिबल, म्हणजे साध्या गप्पांपेक्षाही कमी. म्हणून मैदानाचा हट्ट सोडून बंद सभागृह घ्यावं.

१९७७ मध्ये दिल्ली आयआयटीत सुरू झालेल्या, विद्यार्थ्यांपर्यंत शास्त्रीय संगीत नेणाऱ्या स्पिक मॅकेच्या चळवळीने सप्रयोग व्याख्यानाची रीत कॉलेजांत रुजवली. दीड तासाचा कार्यक्रम धरला तर वीस मिनिटं वाद्यओळख, पन्नास मिनिटं गायन आणि उरलेला वेळ प्रश्नांना, हे प्रमाण जमतं. प्रश्न शेवटी ढकलले की तोवर निम्मं सभागृह बसच्या वेळेला उठलेलं असतं. गायनाच्या मध्येच एक थांबा घेतलेला बरा.

नव्या शैक्षणिक धोरणाने कलेला श्रेयांक (क्रेडिट) दिले आणि मंडळापुढे पहिल्यांदाच तासांचा हिशेब आला. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक तीस तासांचा. दोन श्रेयांकांचे साठ तास पंधरा आठवड्यांत बसवायचे तर आठवड्याला चार तास लागतात, आणि हजेरीपट गणपतीच्या पंधरवड्यातही भरावा लागतो. हे तास सहा जणांच्या तालमीवर खर्ची न घालता तंबोरा लावणं, लिपी वाचणं आणि ऐकणं यांवर टाकले, तर उरलेल्या चोवीस जणांनाही हातात काही काम राहतं.