टेक्स्ट मोडमध्ये लिनक्स सुरू करणं

लिनक्स कॉम्प्युटर चालू केल्यावर डेस्कटॉप न उघडता काळ्या स्क्रीनवर नुसतं लॉगिन मागतो त्याला टेक्स्ट मोड म्हणतात. हा काही वेगळा लिनक्स नाही, डिस्क, नेटवर्क, सर्व्हिसेस सगळं नेहमीसारखंच चालू असतं, फक्त जीडीएम, एसडीडीएम, लाइटडीएम यातला जो डिस्प्ले मॅनेजर (डेस्कटॉपची लॉगिन स्क्रीन आणणारा प्रोग्राम) असेल तो सुरू होत नाही. म्हणून ग्राफिक्स ड्रायव्हर बिघडून स्क्रीन काळी पडली तर लगेच सगळं पुसून परत इन्स्टॉल करायला बसू नका, बहुतेक वेळा आतली सिस्टम धडधाकट असते आणि टेक्स्ट मोडमध्ये जाऊन तो ड्रायव्हर काढता किंवा बदलता येतो.

एकदाच जायचं असेल तर ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या मेनूत (उबुंटूत तो लपलेला असतो, सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून आणावा लागतो) ई दाबायचं, लिनक्स शब्दाने सुरू होणारी ओळ शोधायची, तिच्या शेवटी स्पेस देऊन इंग्रजी आकड्यात ३ लिहायचं आणि कंट्रोल एक्स. त्याच ओळीतले क्वायट आणि स्प्लॅश हे शब्दही खोडा, म्हणजे कुठे अडतंय ते मेसेज दिसतात. हा बदल तेवढ्या बूटपुरताच असतो त्यामुळे बिनधास्त करा.

हा ३ जुन्या रनलेव्हलचा, म्हणजे सिस्टम कोणत्या अवस्थेत सुरू करायची ते सांगणारा आकडा. रेड हॅटमध्ये ३ म्हणजे टेक्स्ट आणि ५ म्हणजे ग्राफिकल, इनिटटॅब फाइलमध्ये आकडा बदलला की झालं, पण डेबियनमध्ये २ ते ५ सगळे सारखेच असायचे म्हणून तिथे ही युक्ती चालायची नाही. २०१० मध्ये सिस्टमडी हा सर्व्हिसेस सुरू करणारा नवा प्रोग्राम आला, २०१५ मध्ये डेबियन ८ आणि उबुंटू १५.०४ ने तो घेतला, आणि आता आकड्यांऐवजी टार्गेट नावाच्या अवस्था असतात. कायमचं करायला टर्मिनलमध्ये सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार देणारा शब्द) लावून सिस्टमसीटीएल सेट-डिफॉल्ट मल्टी-युजर डॉट टार्गेट ही कमांड इंग्रजीत द्यायची, परत डेस्कटॉप हवा तर तिथेच ग्राफिकल डॉट टार्गेट. सेट-डिफॉल्टऐवजी आयसोलेट लिहिलं तर बदल तिथल्या तिथे होतो, पण डेस्कटॉपवरून करत असाल तर उघड्या विंडो सगळ्या बंद होतात, आधी काम सेव्ह करा.

कंट्रोल ऑल्ट एफ३ ने येणारी काळी स्क्रीन मात्र टेक्स्ट बूट नव्हे, डेस्कटॉप मागे चालूच असतो.

आणि हो, या काळ्या स्क्रीनच्या, म्हणजे कन्सोलच्या फाँटमध्ये जास्तीत जास्त ५१२ चिन्हं मावतात आणि जोडाक्षरं जुळवायची सोय नसते, त्यामुळे मराठी नावांच्या फाइलींची नावं विचित्र दिसतात, घाबरून डिलीट करू नका, फाइली शाबूत असतात.