मुर्शिदाबादी रुपया: प्रूफ कोणता, नुसता घासलेला कोणता?

मुघल बादशहा शाह आलमच्या नावाचा, फारसी अक्षरांचा चांदीचा रुपया आरशासारखा लखलखत असला की विकणारा हमखास सांगतो, ‘प्रूफ आहे’, म्हणजे चलनासाठी नव्हे, नमुना म्हणून खास पाडलेलं नाणं. बहुतेक वेळा तो टूथपेस्टने नाहीतर रांगोळीने घासलेला साधा चलनी रुपया निघतो.

आधी या रुपयाची गंमत. त्यावर मुर्शिदाबाद टांकसाळीचं नाव आणि जुलूस सन (बादशहाच्या राज्याचं वर्ष) 19 आहे, म्हणजे साधारण 1777-78. पण ईस्ट इंडिया कंपनी तो कलकत्त्यात पाडत होती आणि बादशहा 1806 साली वारल्यावरही सन 19च राहिलं. याला कारण सराफांचा बट्टा. नाण्यावरचं सन जुनं झालं की सराफ त्याची किंमत कापत. म्हणून कंपनीने सनच गोठवून टाकलं. तेव्हा सन बघून नाणं प्रत्यक्षात कधी पाडलं ते कळत नाही, आणि प्रूफ आहे का हे तर मुळीच नाही.

प्रूफ ही नाण्याची अवस्था नसते, घडण असते. ठसे घासूनपुसून चकचकीत करायचे, चकतीही तशीच निवडायची आणि जास्त दाब देऊन सावकाश छाप उठवायची. असे मोजके नग बाजारासाठी नव्हे, तर नमुना म्हणून किंवा संग्रहासाठी पाडले जात. नीट जपलेलं चलनी नाणं कितीही सुंदर दिसलं तरी ते प्रूफ होत नाही. उलट एखादं प्रूफ खिशात फिरून झिजलं, तरी जन्माने ते प्रूफच.

प्रूफ आणि घासलेला रुपया वेगळे ओळखायला दहापट भिंग घ्या आणि फारसी मजकुराचे नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, बघा. माझ्या मते या रुपयावर याहून चांगला साक्षीदार नाही. प्रूफवर प्रत्येक नुक्ता सुटा, धारदार कडेचा उभा असतो. घासलेल्या रुपयावर नुक्ते गोलसर होऊन बसतात, अक्षरांच्या वेलांट्यांत पांढरी पूड अडकलेली असते आणि फडकं न पोचलेल्या कोपऱ्यांत काळपटपणा उरतो. मोकळ्या जागेत एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे दिसले, तर पुढे भाव विचारूच नका. न घासलेल्या, न वापरलेल्या चलनी नाण्याची झळाळी आणखी वेगळी: नाणं कलतं करून फिरवलं की प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. प्रूफचा पृष्ठभाग शांत, पाण्यासारखा.

खरी अडचण येते ती नव्याकोऱ्या ठशाने पाडलेल्या पहिल्या काही चलनी नाण्यांची. तीही आरशासारखी दिसतात. तिथे नाण्याच्या तोंडावरचा उंच काठ काटकोनी, पूर्ण उठलेला आहे का ते पाहावं, आणि तरीही जाणकारांत वाद होतात.

नाण्याच्या जाडीवरच्या कडेवरून मात्र फसू नका. 1793 पासूनच्या रुपयांची कड तिरकी दातेरी, 1819 पासून सरळ दातेरी आणि 1830 नंतर गुळगुळीत. कलकत्त्यातल्या स्ट्रँड रोडवरची नवी टांकसाळ 1829 साली सुरू झाली होती; त्यानंतरच्या साध्या चलनी रुपयालाही गुळगुळीतच कड आहे. त्यामुळे ‘कड गुळगुळीत, म्हणजे प्रूफ’ हे विक्रेत्याचं वाक्य ऐकून घ्यावं आणि भिंग पुन्हा नुक्त्यांवर न्यावं.