आर म्हणजे गुंठा नव्हे

सातबाऱ्यावर क्षेत्राच्या रकान्यात १.२०.०० असं दिसतं, म्हणजे हेक्टर, आर (हेक्टरचा शंभरावा भाग), चौरस मीटर, आणि वाचणारा बिनदिक्कत म्हणतो "एक हेक्टर वीस गुंठे". मग लगेच तोंडी हिशोब, हेक्टर म्हणजे अडीच एकर, वर वीस गुंठे म्हणजे अर्धा एकर, झाले तीन एकर. हे तलाठी कार्यालयाच्या ओट्यावर ऐकलंय, सोयरिकीच्या बैठकीत ऐकलंय आणि वकिलाच्या टेबलासमोर पण ऐकलंय. पण आर गुंठ्यापेक्षा किंचित लहान, त्यामुळं खरा हिशोब केला तर ती जमीन २ एकर ३८.६ गुंठे भरते. फरक साधारण १५०० स्क्वेअर फुटांचा, गावात त्याचं कुणाला काही वाटत नाही पण पुण्याच्या कडेला तेवढ्यात एक बरा फ्लॅट बसतो.

हे कुठून आलं ते बघायचं तर थोडं मागं जावं लागतं. शिवकाळात आणि पेशवाईत काठी, पांड, बिघा, चाहूर चालायचे, वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चाहूर, आणि काठी म्हणजे पाच हात पाच मुठी. ते सगळं आता फक्त मोडी कागदात उरलंय. आजच्या गोंधळाची मुळं इंग्रजांच्या मोजणीत आहेत, जी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून नीट मार्गी लागली. मुंबई इलाख्यातल्या मोजणीत साखळी धरली ३३ फुटांची. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, तो एक गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे ४३,५६० चौरस फूट, बरोब्बर एक इंग्रजी एकर. म्हणजे गंमत बघा, आपण ज्याला अस्सल गावरान माप समजतो तो गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, नाव देशी आणि अंग विलायती.

त्याच साखळीचे सोळा भाग केलेले, प्रत्येक भागाला नाव आणा. म्हणजे जुन्या टिपणावर, शेताच्या मोजणीच्या कच्च्या नकाशावर, "५ साखळ्या ६ आणे" लिहिलं असेल तर ती लांबी. पण गुंठ्याचा सोळावा भाग पण आणाच, म्हणजे ते क्षेत्र. आकार, म्हणजे जमिनीचा सारा, भरायचा तो रुपये-आणे-पैत, म्हणजे तो पैसा. आणि भावकीत चार आणे हिस्सा म्हणजे पाव वाटा. एकच शब्द चार कामाला जुंपलेला, आणि कुठला आणा कुठं हे कागद बघणाऱ्यालाच कळायचं. नागपूर-भंडाऱ्याकडं वेगळीच तऱ्हा, तिकडच्या जुन्या कागदांत गुंठाच नाही, एकराचे शंभर भाग करून ४.२७ एकर असं लिहायचे, म्हणजे तिकडच्या माणसाला पॉइंटनंतरचे आकडे आधीपासून सवयीचे.

१ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, त्याच्या आदल्या वर्षी वजनमापांचा कायदा, १९५८ पासून बाजारात किलो. हे सगळ्यांना माहीत आहे. जमिनीचं मात्र उशिरा झालं. साधारण १९६९ ते ७१ च्या आसपासच्या फेरफारांत, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलांत, एक नोंद गावोगाव सापडते, नाणे कायदा १९५५ आणि वजन मापे अंमलबजावणी कायदा १९५८ अन्वये क्षेत्र एकर-गुंठ्यांऐवजी हेक्टर-आरमध्ये आणि आकार रुपये-पैशांत. कुणी विकलं नाही, कुणी मेलं नाही, तरी गावातल्या प्रत्येक जमिनीला फेरफार. जुना उतारा काढताना मधेच क्षेत्राचा आकडा वेगळा दिसून लोक घाबरतात ते बहुतेक वेळा यामुळंच.

आता खरी मेख. आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. फरक सव्वा टक्क्याच्याही आत, आणि माझ्या मते सगळा घोळ या जवळिकीनंच केला. गुंठा आणि आर यांच्यात दुप्पट-तिप्पट अंतर असतं तर माणसं झक मारत नवं माप शिकली असती. इथं शिकायची गरजच पडली नाही, जुनं नाव नव्या आकड्यावर चिकटवलं की काम भागलं. तोळ्याचं पण असंच झालं, खरा तोळा ११.६६ ग्रॅमचा पण सराफाकडं आज तोळा म्हणजे दहा ग्रॅम, फक्त तिथं बाजारानं एकमतानं नवा तोळा ठरवून टाकला, त्यामुळं भांडण नाही. गुंठ्याचं तसं कुणी ठरवलं नाही. १०० चौरस मीटरलाच इथून पुढं गुंठा म्हणा असं तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं असं म्हणणारे आहेत, आणि मग जुन्या खरेदीखतातल्या गुंठ्याचं काय असं विचारणारे पण आहेत. मला पहिल्यांचं जास्त पटतं, कारण लोकांनी शेवटी तेच केलं, फक्त कायद्याच्या पाठीमागं.

दुसरी भानगड पूर्णांकाची. जुन्या हस्तलिखित उताऱ्यांवर बऱ्याचदा आकडा आरपर्यंतच असतो, पुढं काही नाही. समजा सात-सात गुंठ्यांचे आठ पोटहिस्से. सात गुंठे म्हणजे ७.०८ आर, लिहिले ७. आठांची बेरीज ५६. पण मूळ सर्व्हे नंबर १ एकर १६ गुंठ्यांचा, म्हणजे ५६.६६ आर, तो लिहिला ५७. एक आर कुणाचाच नाही. वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही, मग एक दिवस कुणीतरी विकायला काढतो, आकारबंदाशी, म्हणजे सर्व्हे नंबरांचं क्षेत्र आणि आकार दाखवणाऱ्या मूळ पत्रकाशी, सातबारा जुळत नाही, आणि जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज घेऊन हेलपाटे सुरू.

आमच्या भावकीतच झालेलं सांगतो, २ हेक्टर ४० आर जमीन सहा एकर समजून दोघा भावांत तीन-तीन एकर वाटली, थोरल्यानं वरच्या बांधापासून टेपनं पुरे तीन एकर मोजून घेतले, धाकट्याच्या वाट्याला उरलं ते पावणेतीन गुंठे कमी. दोघंही खोटं बोलत नव्हते. तरी दोन वर्षं बोलणं बंद होतं.

बाकी बदल भराभर झाले. पीक किती आलं याचा सरकारी अंदाज म्हणजे आणेवारी, तिची पैसेवारी झाली, आठ आण्यांच्या जागी ५० पैसे, आणि आजही दुष्काळाच्या बातमीत तोच आकडा असतो, जरी बाजारात ५० पैशाचं नाणं कुणी घेत नाही. वाळू-मुरूम अजून ब्रासमध्येच, म्हणजे १०० घनफूट, तिथं घनमीटर कुणाच्या जिभेवर बसलाच नाही. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला तेव्हा शेतीला हेक्टर-आर-चौरस मीटर आणि बिनशेतीला आर-चौरस मीटर असं एकक छापून यायला लागलं. तरी २०२३ ला तुकड्यांची मर्यादा, म्हणजे जमिनीचा कमीत कमी केवढा तुकडा करता येतो ती, बदलली ती बातम्यांत आली जिरायत २० गुंठे, बागायत १० गुंठे अशीच.

मोजणीला आता रोव्हर येतो, उपग्रहावरून सेंटीमीटरमध्ये हद्द दाखवतो, पण हद्द पडताळायला जुनं टिपण काढलं की त्यावर साखळ्या आणि आणेच, मग मोजणीदार तिथंच बांधावर मोबाईल काढून एक आणा म्हणजे ६२.८७ सेंटीमीटर असा गुणाकार करत बसतो. आणि शेजारच्या प्लॉटिंगच्या बोर्डावर गुंठ्याचा भाव लिहिलेला असतो, तो गुंठा १०८९ फुटांचा की सरळ १००० फुटांचा हे आत ऑफिसात गेल्यावर विचारावं लागतं.